चहासकट वेळ

अदमास आजवर चुकला नव्हता. शिरोळीच्या औद्योगिक वसाहतीत मगदूमांच्या कारखान्यात जो कुणी पाहुणा येई, त्याला चहाच्या आधी हे वाक्य ऐकावं लागे, आणि ते ऐकवण्याचा मान खुद्द बापूसाहेब मगदूमांचा होता. पाहुणा पुण्याचा असला तर ते हे वाक्य दोनदा म्हणत.

अदमास ही प्रणोती पोवारनं काही वर्षं खपून तयार केलेली यंत्रणा. तिचं काम एकच. नुसतं ड्रॉइंग बघून सांगायचं, की हा जॉब, म्हणजे घासून मापात आणायचा तुकडा, ग्राइंडिंग मशीनवर किती वेळ घेईल. ऐकायला सोपं वाटतं. लेथवर ते सोपंच असतं. लोखंडाची साल किती जाडीची काढायची आणि किती वेगानं, एवढं कळलं की गुणाकार करून मोकळं व्हायचं. ग्राइंडिंगचं तसं नाही. फिरणारं दगडी चाक शाफ्टला टेकतं तेव्हा शाफ्ट किंचित वाकतो, चाक किंचित मागं रेलतं, अख्खं मशीन डोळ्यांना दिसणार नाही इतकं दबतं. मग चाक पुढं सरकवणं थांबवलं तरी ते दबलेलं मशीन हळूहळू सरळ होत राहतं, आणि तोवर ठिणग्या उडत राहतात. आधी झुपक्यानं, मग विरळ, मग एखाददुसरी. त्या पुऱ्या विझल्या म्हणजे माप खरं. हे विझायला किती वेळ लागेल ते चाकाची धार, मशीनची ऊब आणि शाफ्टवर किती माल शिल्लक ठेवलाय यावर ठरतं. म्हणून पूर्वी वेळ सांगणारा माणूस ड्रॉइंगकडं बघायचा, मग छताकडं बघायचा, एक आकडा बोलायचा आणि जिवाला घोर नको म्हणून त्यात थोडी भर टाकायचा.

अदमासला छताकडं बघावं लागत नसे. त्याला कान होते. चाकाचा एकेक कण लोखंडाला घासताना जो बारीक आवाज करतो, तो माणसाला ऐकू येत नाही. मशीनला चिकटवलेल्या संवेदकांना येतो. तो आवाज, मोटर खात असलेली वीज आणि चाक फिरवणाऱ्या स्पिंडलचं तापमान यांवरून अदमास त्या मशीनची हुबेहूब जुळी बहीण आपल्या पोटात उभी करी, नवा जॉब तिच्यावर चढवी, आणि तुम्ही डोळा मिटून उघडेपर्यंत वेळ सांगे.

शिवाय प्रणोतीनं त्यात एक नियम घातला होता. शाळेच्या मैदानावर उंच उडीची दोरी असते ना, तसा. एखादी खेप सांगितलेल्या वेळेत पार पडली, की पुढच्या खेपेला अदमास दोरी किंचित वर करी. म्हणजे वेळ थोडी कमी सांगे. असं करत करत कुणीतरी कधीतरी चुकेल. चुकला, की दोरी थोडी खाली आणायची आणि तिथंच ठेवायची. तीच त्या कामाची खरी वेळ. कुणी चुकल्याशिवाय अदमासला खरं कळायचं नाही, असा हा हिशेब होता.

दोन वर्षं झाली, कुणी चुकलंच नव्हतं. दोरी वर वर चालली होती आणि बापूसाहेबांची मान तिच्याबरोबर.

मोठ्या खेपांना तेव्हा रोबो होते. वीस-पंचवीस नगांची, दर वेळी वेगळी असणारी कामं मात्र अजून माणसांच्याच हातात होती, आणि देशभरातल्या असल्या छोट्या कारखान्यांना काम वाटून देणारा खरेदीदारांचा एक संघ होता. त्या संघाचे निमकर नावाचे अधिकारी येत्या शुक्रवारी शिरोळीला यायचे होते. त्यांच्या डोळ्यांदेखत अदमास खरा ठरला, की त्याच्या वेळा देशातल्या सगळ्या ग्राइंडिंगवाल्यांना बंधनकारक होणार होत्या. जो कारखाना वेळ चुकवेल, त्याचं काम त्याच मिनिटाला आपोआप दुसरीकडं वळणार. शिरोळीत हा नियम आधीच लागू होता, फक्त वापरायची वेळ आली नव्हती.

घरी मात्र वेगळीच भानगड चालू होती.

प्रणोती थोरला भाऊ सर्जेराव आणि मंगलवहिनी यांच्याबरोबर राहायची. सर्जेराव मगदूमांकडंच ग्राइंडिंगवर होता. बहिणीच्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत त्यानं एकही ओव्हरटाइम सोडला नव्हता, आणि हे त्यानं तिला कधी ऐकवलंही नव्हतं. त्याला आता मूतखड्याचा त्रास सुरू झाला होता. या महिन्यात दुसऱ्यांदा कळ आली, अख्खी रात्र दवाखान्यात काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, पाणी प्या. सर्जेराव म्हणाला, बरं.

सोमवारी संध्याकाळी वहिनीनं त्याची डब्याची पिशवी उघडली आणि पाण्याची बाटली प्रणोतीसमोर आदळली.

"बघ तुझ्या भावाचं पाणी पिणं. सकाळी भरून देते, संध्याकाळी भरलेलीच घरी येते. बाटलीला नुसतं फिरवून आणतात."

"दादा, पाणी का पीत नाहीस?"

"पितो की. कारखान्यात कूलर हाय."

"कूलर दोन महिने बंद आहे. तक्रार मीच दिलीय."

सर्जेराव जरा गडबडला. "मग चहा होतोय न्हवं. चहात पाणीच असतंय."

"तिथं चहा होत असता," वहिनी म्हणाली, "तर घरात पाय ठेवल्या ठेवल्या पातेलंभर चहा कशाला लागला असता तुमाला?"

"एऽ, तुमी दोघी मिळून मला कोर्टात उभा केल्यागत काय करायलाय गं?" तो उठून अंघोळीला गेला. बंद दाराआड तो कमरेवर हात दाबून उभा असणार, हे दोघींनाही माहीत होतं.

मंगळवारी नाशिकहून फोन आला. तिथल्या एका कारखान्यात संघानं अदमास चाचणीला लावला होता. वेळा शिरोळीच्याच, दोरीही फक्त शिरोळीतल्या नोंदींवर हलायची. तिथले फोरमन वाघचौरे बोलत होते.

"मॅडम, एक विचारू? तुमच्याकडे कामाला माणसं आहेत की भुतं?"

"का हो?"

"तुमच्या वेळा माणसाला जमत नाहीत. आमचे लोक महिनाभर मरमर मरताहेत. काल एकानं वेळ गाठायला चाक जोरात आत दाबलं. चाक फुटलं. गार्ड होता म्हणून हातावर निभावलं, तोंडावर आलं असतं तर मी आज तुमच्याशी बोलत नसतो, पोलिसांशी बोलत असतो."

प्रणोतीनं आधी त्या माणसाच्या हाताचं विचारायला हवं होतं. तरी तोंडातून निघायचं तेच निघालं. "पण शिरोळीत याच वेळा रोज जमतात. मशीनही तेच आहे."

"म्हणून तर भुतं म्हणतो," वाघचौरे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तिला राग आला. आधी वाघचौरेंचा, मग नाशिकच्या मशीनचा, आणि तासाभरानं स्वतःचा. दोन्हीकडच्या नोंदी तिनं पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या. चाक सारखं, मशीन गार ठेवणारं कूलंट सारखं, शाफ्ट सारखे. फरक सापडला तो अगदी साध्या जागी, म्हणून तर तो इतके दिवस कुणाला दिसला नव्हता. नाशिकला सकाळच्या पहिल्या नगाला स्पिंडल थंड असायचं. रात्रभर बंद असलेलं मशीन थंड असणारच. शिरोळीत पहिल्या नगालाच ते ऊन ऊन असायचं. रोज. दोन वर्षं.

बंद मशीन आपोआप तापत नाही. अदमासला हे कळायला हवं होतं असं म्हणाल, तर त्या बिचाऱ्याला फक्त दोन बटणांच्या मधलं कळायचं. 'काम सुरू' दाबलं की त्याचं जग सुरू, 'काम बंद' दाबलं की संपलं. त्या बाहेर सूर्य पश्चिमेला उगवला तरी त्याला पत्ता लागायचा नाही. आणि ही बटणं कुठं ठेवायची ते प्रणोतीनंच ठरवलं होतं.

बुधवारी सर्जेराव नेहमीसारखा अंधारातच बाहेर पडला. लवकर जातो म्हणजे रंकाळा तलावावर फेरी मारतो, असं त्यानं घरात सांगून ठेवलं होतं. थोड्या वेळानं प्रणोतीनं स्कूटर काढली आणि रंकाळ्याकडं न जाता सरळ शिरोळीचा रस्ता धरला.

कारखान्याचं मागचं दार उघडं होतं. आत उदबत्तीचा आणि कूलंटचा मिळून येणारा तो ओळखीचा वास होता. पाचही ग्राइंडिंग मशीनची चाकं फिरत होती. पडद्यावर अदमास शांतपणे सांगत होता, 'मशीन थांबलेले आहे.' सर्जेराव बोथट झालेल्या चाकावर हिरा फिरवून त्याला धार काढत होता. लेथवरचे दस्तगीरमामा शाफ्ट मोजून मोजून ओळीनं लावत होते. बाकीचे कुणी फडकी मारत होते, कुणी शाफ्टला दोन्ही टोकांनी धरणारे सेंटर पुसत होते. कुणाची शिफ्ट सुरू व्हायला अजून तास होता.

"दादा!"

सगळे असे थबकले, जणू शाळेत हेडमास्तर आले. दस्तगीरमामांनीच आधी तोंड उघडलं. "ताई, ह्ये कामात धरू नगासा. ह्ये आमचं आपलं... पूजाअर्चा समजा."

"पूजेला चाकाला धार काढावी लागते का मामा?"

मग हळूहळू एकेक निघालं. तासभर आधी येऊन मशीन तापवायचं, म्हणजे पहिल्या नगापासून माप स्थिर. चहाच्या आणि जेवणाच्या सुट्टीत 'देखभाल' बटण दाबून चाकाला धार काढायची, म्हणजे ती वेळ धरली जात नाही. धार असली की मशीन कमी दबतं, ठिणग्या लवकर विझतात. दस्तगीरमामा लेथवर जीव मुठीत धरून शाफ्टवर अगदी नावापुरता माल शिल्लक ठेवायचे, म्हणजे ग्राइंडिंगला घासायला कमी. आणि एकदा 'काम सुरू' दाबलं की मशीन सोडून हलायचं नाही. पाणी प्यायलं की हलावं लागतं. म्हणून पाणी नाही.

"कधीपासून?"

"पयल्या म्हैन्यापासनं," सर्जेराव चाकाकडं बघत म्हणाला. "तुझा अदमास पयल्यांदा लावला, तवा बापूसाहेब पावण्यास्नी काय म्हणालं ठावं हाय? म्हणालं, पोवाराच्या पोरीचा खेळ हाय, दोन दिस चालंल. मी हितंच हुतो. मग आमी बसलो सगळी, आणि ठरवलं. आपल्या पोरीचा शब्द खाली पडू द्यायचा न्हाई."

"आणि दर वेळी वेळ कमी होत गेली, तेव्हा?"

"तवा काय? ताई म्हणती म्हंजे हुतंय, असंच वाटलं. जरा आणि लवकर यायला लागलो."

प्रणोती तिथंच एका पेटीवर बसली आणि रडली. लाज वाटली, राग आला आणि या माणसांवर इतकी माया दाटून आली, की तीनही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांतून बाहेर पडल्या. अदमास चुकत नाही म्हणून ती दोन वर्षं ताठ मानेनं फिरली होती. अदमासनं मोजलं होतं काय, तर या लोकांचा न प्यालेला चहा.

डोळे पुसून ती म्हणाली, "शुक्रवारी यातलं काही करायचं नाही. शिफ्टला यायचं, चहाला जायचं, पाणी प्यायचं. चुकू दे अदमास. तो चुकला नाही तर या वेळा सगळ्या देशाच्या बोकांडी बसतील. समजलं?"

"बरं," सर्जेराव म्हणाला.

हे 'बरं' तिच्या ओळखीचं होतं. डॉक्टरला म्हणालेला तेच हे 'बरं'.

बापूसाहेबांना सांगून बघितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुपारी कातरत म्हणाले, "वेळ पाळली जातीय न्हवं? मग ती कशी पाळली जातीय हे विचारू नये, पोरी. जावई पहाटे कितीला उठतोय हे सासऱ्यानं विचारावं का?" प्रणोती बाहेर आली. आता काय करायचं ते तिनं ठरवलं होतं, आणि एकदा ठरवलं की मागं फिरायचं नाही ही पोवारांच्या घरातली जुनी खोड होती.

शुक्रवारी उजाडायच्या आत ती निमकरांच्या हॉटेलवर हजर झाली. "चला, कोल्हापूरला आलात तर मिसळ खाल्ल्याशिवाय कामाला लागायचं नाही," म्हणाली. निमकर पन्नाशीचे, सडपातळ, मोजकं बोलणारे गृहस्थ. मिसळीच्या नावानं लगेच तयार झाले. स्कूटरवर मागं बसून शिरोळीचा फाटा लागला तेव्हा मात्र त्यांनी विचारलं, "मिसळ कारखान्यात मिळते?"

"नंतर खाऊ. आधी एक बघायचंय."

मागचं दार उघडंच होतं. पाचही चाकं फिरत होती. आज उदबत्त्या जरा जास्तच लावल्या होत्या. निमकरांनी पडद्यावरची 'मशीन थांबलेले आहे' ही अक्षरं वाचली, मग सर्जेरावच्या मशीनपाशी जाऊन स्पिंडलच्या आवरणावर हात ठेवला. ते ऊन होतं. त्यांनी हात तसाच राहू दिला.

"हे रोज?"

"रोज," प्रणोती म्हणाली. "दोन वर्षं. अदमासला यातलं काही दिसत नाही. बटणं मी चुकीच्या जागी ठेवली."

सर्जेरावचा चेहरा लालबुंद झाला. "तू आमाला खोटं पाडलंस पिंटे. परक्या माणसाफुडं."

लहानपणचं नाव त्यानं कारखान्यात कधी घेतलं नव्हतं. बाकीचे माना खाली घालून उभे राहिले.

निमकरांनी स्पिंडलवरचा हात काढला. मग म्हणाले, "मॅडम, मी डोळ्यांनी बघितलं, मला पटलं. पण संघात माझे डोळे चालत नाहीत. तिथं फक्त अदमासनं स्वतः नोंदवलेलं चालतं. तुम्हीच तसं करून घेतलंय, कुणी लबाडी करू नये म्हणून. आज अदमास त्याच्या नोंदीत चुकला तर मी बंधन थांबवू शकतो. तो नाही चुकला, तर मी कोण?"

आणि तो न चुकण्याचीच सगळी तयारी झालेली होती. मशीन तापलेलं होतं, चाकाला धार होती, मामांनी लावलेले शाफ्ट ओळीनं उभे होते.

शिफ्टचा भोंगा झाला. बापूसाहेब कडक इस्त्रीचा सदरा घालून आले, खुर्च्या मांडल्या गेल्या. अदमासनं वेळ सांगितली: पंचवीस शाफ्टची खेप, जेवणाच्या सुट्टीआधी पुरी. मोठ्या पडद्यावर हिरव्या रंगात आकडे उलटे धावू लागले. बाकीची मशीन आता बंद केली होती; काम एकट्या सर्जेरावचं होतं.

तो मशीनला असा भिडला, की बघणाऱ्याला वाटावं हा श्वाससुद्धा विचारून घेतोय. शाफ्ट चढव, चाक टेकव, ठिणग्यांचा झुपका, विरळ, एखाददुसरी, उतरव, पुढचा. प्रणोतीकडं त्यानं एकदाही बघितलं नाही. मधूनच त्याचा डावा हात कमरेशी जायचा आणि लगेच परत यायचा. पडद्यावरच्या आकड्यांपेक्षा तो कधी काही सेकंद पुढं असायचा, कधी काही सेकंद मागं. बापूसाहेब निमकरांना सांगत होते, "आजवर चुकला न्हाई."

चहाची घंटा झाली. प्रणोतीनं आधीच सगळ्यांना बजावलं होतं, त्यामुळं एकेक जण चहाच्या टेबलाकडं गेला. पण चहा कुणी प्यायला नाही. पेले हातात धरून सगळे सर्जेरावकडं बघत राहिले. त्यानं 'काम बंद' दाबलं. मग त्याचा अंगठा 'देखभाल'च्या बटणाकडं सरकला. दहा मिनिटांत चाकाला नवी धार, की उरलेली खेप आरामात वेळेत.

प्रणोती एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात वहिनीनं भरून दिलेली बाटली घेऊन मशीनपाशी गेली. तिला वाटलं होतं, 'देखभाल'चं बटण कालच बंद करून टाकावं. तेवढं तिच्या हातात होतं. पण मग अदमासला पाडणारी तीच ठरली असती, आणि हा माणूस उद्या दुसरी एखादी युक्ती काढून पुन्हा तिचा शब्द उचलून धरायला उभा राहिला असता.

"दादा, चहा घे."

"आत्ता न्हाई. सरक."

"तुला आठवतं, शाळेत उंच उडीला दोरी कोण धरायचं?"

"मी. त्येचं आता काय?"

"मी पळत आले की तू दोरी हळूच खाली करायचास. मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं मी उडते. मग जिल्ह्याला गेले. तिथं दोरी कुणी खाली केली नाही. तोंडावर आपटले, दात पडला."

सर्जेरावचा अंगठा बटणावर तसाच होता.

"मी आठ दिवस जेवलो न्हवतो तवा," तो म्हणाला.

"नाशिकला सोमवारी चाक फुटलं दादा. माझ्या वेळेपायी. तिथं दोरी खाली धरणारा कुणाचा दादा नाही. उद्या देशभर कुठंच नसेल." तिनं बाटली त्याच्यापुढं धरली. "दोन वर्षं माझा शब्द तू तुझ्या कमरेवर पेललास. आता पुरे. मला पडू दे."

"सगळ्यांम्होरं?"

"सगळ्यांसमोर."

त्यानं तिच्याकडं बघितलं. मग पडद्याकडं, मग खुर्चीपाशी उभ्या असलेल्या बापूसाहेबांकडं. अंगठा बटणावरून निघाला. त्यानं कॉटन वेस्टच्या बोळ्याला हात पुसले, सावकाश, एकेक बोट. बाटली घेतली आणि उभ्या उभ्या घटाघटा निम्मी संपवली. मग चहाचा पेला घेऊन तो टेबलापाशी गेला, दस्तगीरमामांना म्हणाला, "सरका की वाईच," आणि बाकावर टेकला. तो टेकल्यावर सगळ्यांनी पेले तोंडाला लावले. दोन वर्षांत त्या कारखान्यात चहा पिण्याचा असा आवाज झाला नव्हता.

सुट्टी संपली. सर्जेराव संडासला जाऊन निवांत परत आला आणि धार गेलेल्या चाकावर कामाला लागला. आता ठिणग्या लवकर विझेनात. त्या विझेपर्यंत तो हात मागं बांधून बघत उभा राहायचा. चाक फारच बोथट झालं तेव्हा त्यानं 'काम सुरू' असतानाच, सगळ्यांच्या देखत, घड्याळाच्या हद्दीत धार काढली. मधे एकदा उरलेलं पाणी प्यायला. पडद्यावरचे हिरवे आकडे पिवळे झाले. जेवणाची घंटा वाजली तेव्हा खेपेतले चार शाफ्ट अजून ओळीत उभे होते आणि आकडे लाल झाले.

'अदमास चुकला,' पडदा म्हणाला. ही अक्षरं त्यावर याआधी कुणी बघितली नव्हती. घटकाभर तो नुसता तसाच राहिला, आणि मग नियमाप्रमाणे त्यानं दोरी खाली आणली. नवी वेळ जुनीपेक्षा मोठी होती.

कुणाला काय करावं कळेना. दस्तगीरमामांनी सवयीनं टाळी वाजवली आणि मग एकदम थांबले. बापूसाहेब खुर्चीत मटकन बसले. "पावण्यांम्होरं अब्रू गेली गं पोरी," एवढंच म्हणाले. पुढची खेप संघाच्या यंत्रणेनं त्याच मिनिटाला दुसऱ्या कारखान्याकडं वळवली. नियम तो नियम. प्रणोतीला ते टोचलं. पण मान वर करून ती उभी राहिली.

"तुमची यंत्रणा चुकली, मॅडम," निमकर म्हणाले.

"हो. आता कुठं शिकायला लागली." तिनं पडद्यापाशी जाऊन 'काम सुरू' आणि 'काम बंद' ही दोन्ही बटणं काढून टाकली. "इथून पुढं घड्याळ फाटकावर. माणूस आत आला की सुरू, बाहेर पडला की बंद. मशीन तापवणं, धार काढणं, चहा, पाणी, सगळं धरून. शिरोळीला आणि नाशिकलाही. मगच बंधनाचं बोला."

"वेळ वाढेल."

"वाढणार नाही. तेवढीच लागत होती. फक्त कुणीतरी पदरची घालत होतं."

निमकर हसले. बंधन थांबवल्याचा निरोप त्यांनी तिथूनच संघाला पाठवला आणि विचारलं, "आता तरी मिसळ मिळेल का?" बापूसाहेबच उठले मग. पाहुणा उपाशी जाणं म्हणजे अदमास चुकण्यापेक्षा मोठी नामुष्की होती.

सर्जेराव दुपारभर तिच्याशी बोलला नाही. शिफ्ट सुटल्यावर फाटकाशी तिच्या स्कूटरपाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चल, मागं बसतो. आता उद्यापासनं रंकाळ्यालाच जावं लागणार. सकाळच्या वक्ताला घरात बसून करू काय?"

"झोप की."

"व्हय," तो म्हणाला. "त्ये बी जमंल."

घरी वहिनीनं डब्याची पिशवी उघडली. बाटली हलकी लागली म्हणून तिनं ती मोरीवर उलटी धरून हलवली. त्यातून काहीच पडलं नाही. तिनं एकदा नवऱ्याकडं आणि एकदा नणंदेकडं बघितलं, आणि बाटली विसळून उद्यासाठी भरून ठेवली.